बालवाडीत ‘कशावरून?’ विचारताना : कोल्हापुरातल्या नव्या बाईंसाठी

बालवाडीत नव्यानं रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमच्या हातात ‘आपले मदतनीस’ नावाचा तक्ता ठेवतं. पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, शिंपी. बाईंनी पट्टीनं चित्र दाखवायचं, पोरांनी एका सुरात नाव म्हणायचं. चार दिवसांत सगळ्यांचं तोंडपाठ होतं आणि पालकही खूश असतात. पण शिवाजी पेठेतल्या चार वर्षांच्या पोराला विचारून बघा, पोस्टमन काय करतो? ‘पत्र आणतो’ म्हणेल. पत्र म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं, कारण त्याच्या घरी पत्र कधी आलेलंच नाही. त्याच पोराला तालमीतले पैलवान कुठल्या पाण्यानं अंघोळ करतात, दूधवाला कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या नाही, बंबात काय जाळतात, हे सगळं बारकाव्यानिशी ठाऊक असतं.

हा लेख त्या दुसऱ्या माहितीला हात कसा घालायचा याबद्दल आहे. माणसं, कामधंदे, रस्ते, पाणी, नियम, वाटणी यांचा पुढे ‘परिसर अभ्यास’ होतो. बालवाडीत त्यातून एकच गोष्ट साधायची: मुलानं नीट बघावं, अंदाज करावा आणि ‘कशावरून?’ विचारल्यावर काहीतरी कारण पुढे करावं. ते कारण सुरुवातीला वेडंवाकडं असेल, चालेल. बालवाडीच्या बाई, अंगणवाडीच्या सेविका किंवा घरी नातवंडं सांभाळणारी आजी, कुणालाही यातलं बरंचसं करता येईल.

१. वय बघून अपेक्षा ठरवा

तीन ते सहा हा एकच गट समजू नका. तीन वर्षांचं मूल सारखं-वेगळं करतं, जोड्या लावतं, ‘आधी हे, मग ते’ एवढं सांगतं. चार पूर्ण झाली की तीन-चार चित्रं क्रमानं लावता येतात, ‘का?’ला उत्तर येतं, पुढं काय होईल याचा अंदाज करता येतो. पाचच्या पुढचं मूल नियमावर वाद घालतं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून थोडंफार बघू शकतं.

यातला शेवटचा टप्पा नव्या बाईंना फार चकवतो. तो तपासायची एक सोपी रीत मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. बिस्किटाचा रिकामा पुडा घ्या, त्यात खडू भरा. मुलाला विचारा, आत काय असेल? ‘बिस्किट.’ उघडून दाखवा, बंद करा. आता विचारा, बाहेर बसलेल्या मावशींनी हा पुडा अजून उघडून बघितलेला नाही, त्यांना काय वाटेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे ‘खडू’ म्हणतात. आपल्याला कळलं म्हणजे जगाला कळलं, असा त्यांचा हिशेब असतो. चार-साडेचारच्या पुढची बरीच मुलं हसून ‘बिस्किट!’ म्हणतात. जून-जुलैमध्येच प्रत्येक मुलाबरोबर एकेकट्यानं हा खेळ करा. जी मुलं ‘खडू’ म्हणतात त्यांना ‘तिला कसं वाटलं असेल, सांग बघू’ असं दरडावून काही उपयोग नसतो. त्यांच्याकडून सध्या वर्गीकरण आणि क्रम एवढंच घ्या.

२. सामान आणि कागदपत्रं

विकतचे संच लागत नाहीत. हे जमवा:

- जुन्या चपला-बूट, लहान-मोठ्यांचे, निरनिराळे. घरून धुऊन आणलेले
- लाकडी ठोकळे, नसतील तर काड्यापेट्या आणि औषधांची रिकामी खोकी
- कॅलेंडरची जुनी पानं (मागची कोरी बाजू), रंगीत खडू
- आरपार दिसणारी बादली किंवा मोठी बरणी, चार मग, एक सरळ काठी, पिवळी आणि लाल चिकटपट्टी
- गुळाचा खडा, उसाची कांडी, थोडी शाडूची माती
- चिंचोके, मतदानासाठी
- तुम्ही स्वतः मोबाइलवर काढून छापून घेतलेले आपल्याच गल्लीचे फोटो
- दोनशे पानी वही, फक्त मुलांची वाक्यं लिहायला

मुलांना वर्गाबाहेर न्यायचं असेल तर:

- पालकांची लेखी संमती, तिच्यात तारीख, जागा, जाण्या-येण्याची वेळ आणि सोबत कोण हे लिहिलेलं
- फोटो काढायला आणि ग्रुपवर टाकायला वेगळी संमती
- शाळाप्रमुखांची परवानगी. अंगणवाडी असेल तर मुख्यसेविकांना आधी कळवणं
- फोन नंबरांसह हजेरी यादी, कुणाला कशाची ॲलर्जी आहे त्याची खूण करून
- प्रथमोपचाराची पेटी, पाणी, एक जादा चड्डी (दोन घ्या)

गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव आणि फोन ठळक लिहा. मुलाचं नाव मागच्या बाजूला. रस्त्यात अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लहान मूल सहज त्याच्याकडे जातं. आणि रस्त्यावर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस नसेल, तर त्या दिवशी फेरी रद्द करा. कुणी कितीही ‘चालतंय की’ म्हटलं तरी.

३. आधी एकट्यानं फिरून या

शाळेपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरात काय काय आहे ते स्वतः बघा. अधूनमधून उकिडवं बसून बघा. मुलांच्या उंचीवरून दुकानाची पाटी दिसत नाही, फळीखाली झोपलेलं मांजर दिसतं, रिक्षाचं चाक दिसतं, गटारीचं झाकण दिसतं. तिथूनच प्रश्न निघतात.

तीन जागा निवडा, जास्त नको. एक अशी जिथं काहीतरी तयार होतं (कुंभार, शिंपी, पिठाची गिरणी), एक जिथं सगळ्यांचा वावर असतो (केएमटी बसचा थांबा, बाग, पाण्याची टाकी), आणि एक जिथं काही ना काही नियम पाळावा लागतो (वाचनालय, दवाखान्यातली रांग). अंबाबाईच्या देवळाचा परिसर आणि महाद्वार रोड सोपा वाटतो, पण सणावाराला आणि सुट्टीला तिथं मुलं घेऊन जाणं म्हणजे मोजणी करण्यातच वेळ जाणार. मंगळवार-शुक्रवार तर नकोच.

४. पहिला उपक्रम : वर्गाबाहेरच्या चपला

याच्यापासून सुरुवात करा, कारण सामान दारातच पडलेलं असतं. पहिल्या दिवशी फक्त गट करायला सांगा, आणि कशाचे गट ते तुम्ही सांगू नका. कुणी रंगावर करेल, कुणी आकारावर, कुणी ‘माझ्या ओळखीच्या’ आणि ‘अनोळखी’ असे. प्रत्येकाला एकच प्रश्न: ही या ढिगात का ठेवलीस? उत्तर आलं की पुढं, ‘आता दुसऱ्या कुठल्या रीतीनं लावता येतील?’ तीच चपल दुसऱ्या ढिगात जाऊ शकते हे मुलाच्या हाताला कळणं, हा त्या दिवसाचा सगळा धडा.

दुसऱ्या दिवशी घरून आणलेले मोठ्यांचे जोड मध्ये ठेवा: गमबूट, रबरी स्लिपर, टाचेची सँडल, पोलिसी बूट मिळाला तर उत्तम, आणि एक कोल्हापुरी पायताण. विचारा, हे कोण घालत असेल? कशावरून? इथं मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. गमबूट बघून एकजण म्हणतं, ‘ह्यो शेतातल्या माणसाचा.’ कशावरून? ‘खाली चिखल हाय.’ दुसरं लगेच आडवं येतं, ‘चिखल तर आमच्या दारात बी हाय.’ इथं घाईनं निवाडा देऊ नका. ‘मग चिखलावरून कळतं का नाही? अजून काय बघायला पाहिजे?’ एवढंच म्हणा. कुणीतरी बूट उलटा करून तळवा बघतं, कुणी वास घेतं, कुणी त्यात आपला पाय घालून बघतं. पाच वर्षांच्या मुलांचा पुरावा गोळा करणं म्हणजे हेच.

पायताणावर जरा जास्त वेळ द्या. २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं वगैरे पालकसभेत सांगा, मुलांना नको. मुलांना ते घालून चालून दाखवा, करकर ऐकवा. मग विचारा, आजोबा पावसाळ्यात हे का घालत नाहीत? बहुतेक उत्तर येतं, ‘आजी ओरडते.’ हेही कारणच आहे, त्याला हसू नका. पण पुढचा प्रश्न ठेवा, आजी का ओरडत असेल? चामड्याचा एक तुकडा आणि रबराचा एक तुकडा पाण्यात टाकून दुसऱ्या दिवशी हातात द्या. एक मऊ, फुगलेला, जड. दुसरा होता तसाच. ‘आजी ओरडते’पासून ‘पाणी पिऊन कातडं फुगतं’ इथपर्यंत मुलं आपली आपण येतात. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, हे एखाद्या चौकस पोरानं विचारलं तरच सांगा.

सापळा. चपला कोण बनवतं, मडकी कोण बनवतं या गप्पांत कुणाची तरी जात मध्ये येते. ‘तुझे बाबा काय करतात?’ हा प्रश्न साधा वाटला तरी गोल बसून तो प्रत्येकाला विचारू नका. कुणाचे बाबा नसतात, कुणाचे कामावरून निघालेले असतात, आणि आडनाव-धंद्याची सांगड पोरं घरून ऐकून आलेली असतात. बोलणं माणसाच्या हातावर, हत्यारावर आणि कसबावर ठेवा: आरी कशाला, रापी कशाला, टाका कसा बसतो. तसंच ‘आई काय करते?’ला ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर आलं तर ते तसंच सोडू नका. सकाळी उठल्यापासून आई काय काय करते त्याची चित्रं लावायला सांगा. चित्रांना जागा पुरत नाही.

५. गुळाची उलटी गोष्ट

क्रम शिकवायला बाजारात ‘बी ते झाड’ छापाची कार्डं मिळतात. आपल्या जिल्ह्यात गुऱ्हाळ असताना ती कशाला? फोटो असे लागतील: उभा ऊस, तोडलेल्या मोळ्या, चरकातून पडणारा रस, काहिलीत उकळणारा रस, वाफ्यात ओतलेला पाक, ढेप, आणि घरातल्या डब्यातला गूळ. चारच्या खालच्या मुलांना तीनच द्या.

मी क्रम शेवटून सुरू करायला सांगते. डब्यातला गूळ हातात द्यायचा आणि विचारायचं, हा इथं यायच्या आधी कुठं होता? ‘दुकानात.’ त्याच्या आधी? असं मागं मागं गेलं की मूल पाठ केलेल्या क्रमावर धावत नाही, प्रत्येक पायरीला थांबतं. उसाचं कांडं आणि गुळाचा खडा एकाच वेळी चाखायला दिलं की दोन्हींचा संबंध जिभेला कळतो. तोंडी सांगून तो कळत नाही.

कुणी ढेपेचं चित्र सगळ्यांत आधी लावलं तर चूक म्हणून हलवू नका. ‘कशावरून?’ विचारलं तर ते सांगेल, बाबा मार्केट यार्डातून आधी ढेप आणतात, मग आई फोडते. त्याच्या घरची गोष्ट तिथूनच सुरू होते आणि ती खरी आहे. मग बाकीच्यांना विचारा, ढेप यार्डात कुठून आली असेल?

गुऱ्हाळातली सगळ्यांत कामाची गोष्ट पुस्तकात नसते. पाक उतरवायची वेळ झाली हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, घड्याळावर ठरवत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो आणि त्याची गोळी वळते का बघतो. म्हणजे ‘कशावरून?’चं उत्तर त्याच्या बोटांत असतं. याचा छोटा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, काकांनी पाण्यात थेंब का टाकला? मुलांचे अंदाज लिहून घ्या. ‘हात भाजू नये म्हणून’ हे उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात तथ्य आहे.

प्रत्यक्ष गुऱ्हाळावर न्यायचं का? हंगाम दिवाळीच्या मागून सुरू होतो, थंडीत जाता येतं, पण काहील आणि चुलवाण या वयाच्या मुलांच्या अगदी जवळ असतं. पाचच्या वरची मोजकी मुलं, पालक सोबत आणि काहिलीपासून लांब, एवढं जमलं तरच जा. नाहीतर फोटो आणि वर्गातलं कांडं पुरे.

६. ठोकळ्यांची गल्ली

वर्गात जमिनीवर खडूनं रस्ता काढा आणि ठोकळ्यांनी शाळा, किराणा दुकान, थांबा मांडायला लावा. मग खुर्चीवर उभं करून वरून बघायला सांगा. नकाशा म्हणजे वरून बघणं हे एवढ्यानं कळतं. पूर्व-पश्चिम, प्रमाण, खुणांची यादी यातलं काहीही या वयात घेऊ नका. ‘शाळेतून निघालो, तर आधी देऊळ की आधी गिरणी?’ एवढं मुलानं चालून आठवून सांगितलं की झालं. वाद झाला तर दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. वर्गात बसून बाईंनी निकाल लावायचा नाही.

७. बादलीतली पंचगंगा

कोल्हापुरात हा उपक्रम टाळता येणार नाही आणि टाळू नये. जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी एकच चौकशी असते, ‘आज किती फूट?’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथलं शेंबडं पोरही ऐकून असतं. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांनी पाहिला त्या घरांत तर ते दबक्या आवाजात बोलले जातात. मोठ्यांची ती काळजी मुलांपर्यंत पोचते, अर्थ मात्र पोचत नाही. तो खेळातून पोचवता येतो.

आरपार बादलीत काठी उभी करा. खाली पिवळी पट्टी, वर लाल. बादलीच्या काठाशी, लाल पट्टीच्या किंचित वर, ठोकळ्यांची दोन घरं आणि एक म्हैस ठेवायला फळी लावा. चार मुलांच्या हातात चार मग, म्हणजे पंचगंगेला मिळणाऱ्या चार नद्या: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. (पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात, तिचा मग रिकामा ठेवला तर मुलांना भारी गंमत वाटते.) एकेकानं ओतायचं. प्रत्येक मगाआधी अंदाज: आता पाणी पट्टीला लागेल का? अंदाज बोलून झाल्याशिवाय ओतायचं नाही, हा नियम कडक ठेवा. बघून मग ‘मी तेच म्हणालो होतो’ म्हणणं मोठ्यांनाही जमतं.

पाणी पिवळ्या पट्टीला लागलं की थांबा. आता काय करायचं? ‘म्हैस हलवायची.’ अजून घरात पाणी आलेलं नाही, मग आत्ताच का? इथं वर्ग दोन तटांत विभागला जातो. काहीजण म्हणतात, पाणी आल्यावर हलवू. मग एकदा तसंच करून बघा: लाल पट्टी ओलांडेपर्यंत थांबायचं आणि मग एका हातानं सगळं हलवायचं, ओतणारे ओतायचे थांबणार नाहीत. म्हैस भिजते. दुसऱ्या खेळीत तीच मुलं पिवळ्याला लागायच्या आधीच ओरडायला लागतात. इशारा आणि धोका या दोन पातळ्या वेगळ्या कशाला, याचं उत्तर त्यांनी हातानं शोधलेलं असतं.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे, मोठ्या गटासाठी ठेवा: इथं ऊन पडलंय, तरी पाणी का वाढतंय? पाणी ओतणाऱ्या मुलांना वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवा आणि पन्हळीच्या तुकड्यातून किंवा जुन्या पाइपातून पाणी सोडा. ‘पाऊस तिकडं गगनबावड्याला पडतोय’ हे कुणीतरी म्हणतंच. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी त्या दिवसांत घरी चाललेलीच असते. तीही मुलं मध्ये आणतात. आणू द्या.

सापळा. ज्या मुलाचं घर पुरात गेलं होतं किंवा ज्यानं ते घरी वारंवार ऐकलंय, ते मूल या खेळात गप्प होईल किंवा उलट सारखं घर बुडवत बसेल. दोन्हीला अडवू नका. त्याच्याकडून आठवणी वदवून घेऊ नका. त्याला ‘घरं हलवणारा’ ही भूमिका द्या. आणि खेळाचा शेवट नेहमी पाणी उतरून, फळी पुसून, म्हैस घरी आणून करा. मुलं घरी जायच्या अर्धा तास आधी हा खेळ संपलेला असावा.

८. नियम, वाटणी आणि २६ जून

तीनचाकी एक आणि पोरं वीस. नियम शिकवायला याहून चांगला पाठ नाही. बाईंनी नियम सांगण्याऐवजी विचारायचं, काय करूया? मुलं सुचवतात: जो आधी येईल तो, जो रडेल तो, मोठा आधी, मुली आधी. प्रत्येक सूचना एक दिवस वापरून बघा आणि दिवसाअखेरीस विचारा, आज कुणाला मिळाली नाही? ‘जो आधी येईल तो’ हा नियम ज्याचं घर लांब आहे त्याला कधीच गाडी देत नाही, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. मग चिंचोक्यांनी मत घ्या: दोन वाट्या, दोन नियम, एकेक चिंचोका. मोजणीही होते. हरलेल्या बाजूचं तोंड उतरतं, म्हणून ‘पुढच्या सोमवारी पुन्हा मत घेऊ’ हे आधीच सांगा आणि खरोखर घ्या.

२६ जूनला, शाहू जयंतीला, पोरांना फेटे बांधून फोटो काढण्याची पद्धत आहे. काढा, गोड दिसतात. पण त्याच दिवशी बाहुल्यांची एक शाळाही मांडा. तीन बाहुल्या आत, एक दाराबाहेर. बाहुली बाहेर का? ‘तिला आत घेत नाहीत.’ हे बरं आहे का? आता काय करूया? शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे तुम्ही लक्षात ठेवा. मुलांना एवढंच सांगा की आपल्या गावच्या राजानं सांगितलं, सगळ्या पोरांनी शाळेत यायचंच.

काही ठिकाणी ‘निळे कपडे घातलेल्यांनाच खाऊ’ असला भेदभावाचा प्रयोग खऱ्या मुलांवर करतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तो प्रयोग आहे हे कळत नाही, त्याला फक्त आपल्याला खाऊ मिळाला नाही एवढं कळतं. बाहुल्यांवरच थांबा.

९. कुंभारवाड्यात जाताना

शाहूपुरी, गंगावेस, बापट कॅम्प इथल्या कुंभार गल्ल्यांत गणपतीच्या आधी दोन-तीन महिने काम जोरात असतं. अगदी शेवटच्या पंधरवड्यात जाऊ नका, कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, सुमारास गेलात तर मातीचे बैलही बघायला मिळतात.

जाण्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून तीनच प्रश्न ठरवून घ्या आणि त्यांची चित्रं काढून न्या, कारण तिथं गेल्यावर सगळे गप्प होतात. कारागिरांना आधी भेटून सांगा: मोठं भाषण नको, मुलांनी विचारलं की हातानं दाखवा. ‘सोंड आधी की हात आधी?’ याचं उत्तर दाखवल्यावर मुलांना जे कळतं ते माहिती ऐकून नाही. परत येताना थोडी शाडू मागून आणा. वर्गात शाडूचा गोळा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा दोन बरण्यांत पाण्यात ठेवा, कुठला विरघळेल यावर अंदाज घ्या आणि रात्रभर सोडून द्या.

१०. प्रश्न विचारून गप्प बसा

सगळ्यांत अवघड पायरी हीच. अमेरिकेत मेरी बड रो या अभ्यासिकेनं १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद फार लांब वाटतात. मनात ‘एक पंचगंगा, दोन पंचगंगा, तीन पंचगंगा’ मोजा.

- ‘हो ना?’नं संपणारा प्रश्न विचारू नका. मुलं हो म्हणतात.
- ‘बरोबर!’ लगेच म्हणू नका. बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. ‘अस्सं. अजून कुणाला काही वेगळं वाटतंय?’ म्हणा.
- एका सुरातलं उत्तर आलं की समजा, प्रश्न फार सोपा होता.
- ‘कशावरून?’ दरडावून विचारलं तर मुलाला वाटतं आपलं चुकलं. बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा विचारा.
- मूल ‘लई’, ‘व्हय’, ‘आज्जा’ म्हणालं, कन्नड किंवा दखनी मिसळून बोललं तर त्या क्षणी भाषा सुधारू नका. कारण देताना मधेच शब्द दुरुस्त केला की कारण तिथंच सांडतं.

११. नोंदी आणि पालक

या वयात परीक्षा नाही. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहाच्या मुलांची लेखी-तोंडी चाचणी घेण्यापेक्षा निरीक्षणावर भर आहे, तेव्हा कुणी मार्क मागितले तर हे सांगा. वहीत प्रत्येक मुलाला चार पानं द्या आणि आठवड्याला एखादं वाक्य, मूल जसं बोललं तसंच, तारखेसह लिहा. ‘चांगली प्रगती’ असलं काही लिहू नका. जूनमध्ये ‘ही बाबांची, कारण बाबांची’ म्हणणारं मूल डिसेंबरमध्ये ‘ही बाबांची नाय, बाबांची टाच घासलेली असतीया’ म्हणालं, तर ती दोन वाक्यं पालकांपुढे ठेवली की बोलायला आणखी काही लागत नाही.

तरीही ‘बाकीच्या शाळेत ए टू झेड लिहायला लागलीत’ हे तुम्हाला ऐकावं लागेल. वाद घालू नका, घरी काम द्या. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात मुलाला घेऊन जायचं, कोथिंबिरीच्या दोन पेंड्या समोर धरायच्या आणि त्यानं निवडायची. का निवडली ते त्यानं सांगायचं, आणि आईनं त्याच्या शब्दांत चिठ्ठीवर लिहून सोमवारी पाठवायचं. निवड चुकली तरी तीच पेंडी विकत घ्यायची, ही अट पालकांना दोनदा सांगा. दहा रुपयांची कोथिंबीर असते, पण बहुतेक आया तिथंच गडबडतात.